ऋषींची भाजी : भांडुपच्या बाजारातून लंडनच्या बाजारात

भाद्रपद शुद्ध तृतीयेस भांडुप स्थानकाच्या पश्चिमेस उतरणाऱ्याला पंचांग पाहावे लागत नाही. पुलाच्या पायऱ्या संपण्यापूर्वीच ओल्या पाल्याचा वास येऊ लागतो. कर्जत-कसाऱ्याकडून पहाटेच्या गाडीने आलेल्या बायका पोते अंथरून बसलेल्या असतात. दूर्वांच्या जुड्या, आघाडा, गौरीचा तेरडा, केवडा, हळदीची आणि केळीची पाने असा सारा पसारा त्यांच्यापुढे असतो, आणि त्याच्याच कडेला ऋषिपंचमीचे वाटे मांडलेले असतात. अळूची चार पाने, सुरणाचा तुकडा, लाल माठाच्या दोन काड्या, भेंडी, पडवळ, शिराळे, लाल भोपळ्याची फोड, भुईमुगाच्या ओल्या शेंगा, मक्याचे अर्धे कणीस. वाटा उचलून पिशवीत टाकला की अर्धे व्रत पार पडल्यासारखे वाटते.

माझ्या आईने असे सहा वाटे याच बाजारातून घेतले. वडिलांचे दुखणे सुरू झाले त्या वर्षी, म्हणजे २००८ साली, तिने ऋषिपंचमीचा सात वर्षांचा संकल्प सोडला होता. सहाही वर्षे बाजारात ती दोघे मिळून जात. वडिलांना चालवत नसे, तरी पिशवी त्यांच्याच हाती असे. सहावी पंचमी झाली आणि त्याच हिवाळ्यात वडील गेले. कोकणनगरातल्या दोन खोल्यांना कुलूप लावून धाकट्या भावाने आईला लंडनला नेले. सातवी पंचमी आणि व्रताचे उद्यापन २०१४ साली तिकडेच यायचे होते. आईच्या मदतीसाठी म्हणून मीही त्या श्रावणात तिच्याकडे गेले.

ऋषिपंचमीचा नियम आपल्या घरोघर ठाऊक आहे. पहाटे आघाड्याच्या काड्यांनी दात घासून स्नान करायचे, कश्यप, अत्री, भरद्वाज, विश्वामित्र, गौतम, जमदग्नी आणि वसिष्ठ या सप्तर्षींची अरुंधतीसह सुपाऱ्यांवर पूजा करायची, आणि त्या दिवशी बैलाच्या श्रमाचे काही खायचे नाही. नांगरलेल्या शेतातले धान्य वर्ज्य. आपोआप उगवलेले, किंवा माणसाने हाताने खणून लावलेले, तेवढेच चालते. व्रताच्या कथेतला बैल हा पूर्वजन्मीचा बाप असतो. मुलाच्याच घरी तो दिवसभर राबतो आणि रात्री उपाशी राहतो, हे ज्यांनी देवापुढे बसून ऐकले आहे त्यांना या नियमाची निराळी फोड करून सांगायला नको. त्या वर्षी आईला ही कथा ऐकणे फार कठीण गेले.

आता अडचण उभी राहिली ती भाजीची. साऊथॉल हे लंडनच्या पश्चिमेचे उपनगर पंजाबी दुकानांसाठी प्रसिद्ध आहे. भावाचे घर जवळच्या ईलिंगमध्ये. तेव्हा साऊथॉलला गेले की सारे मिळेल अशी आमची समजूत होती. तथापि त्याच वर्षीच्या १ मेपासून युरोपीय संघाने हिंदुस्थानातून येणाऱ्या हापूस आंब्यासह अळू, पडवळ, कारले आणि वांगे यांना बंदी घातली होती. मालात फळमाशी आणि इतर किडी सापडल्या, हे कारण. ब्रिटन तेव्हा त्या संघात होते. आंब्यावरील बंदी २०१५च्या आरंभी उठली; भाज्यांना अधिक काळ थांबावे लागले. वर्तमानपत्रांत त्या दिवसांत आंब्याविषयी रकानेच्या रकाने आले. अळू आणि पडवळ यांचे सुतक कोणी धरले नाही. पण ऋषींच्या वाट्यातली दोन पाने त्या कागदाने काढून घेतली होती.

दुकानदाराने शीतपेटीतली पाकिटे पुढे केली. चिरलेली भेंडी, सोललेला सुरण, किसलेला नारळ, सारे गोठवलेले. आईने एक पाकीट हातात घेऊन पाहिले. बर्फ तळहाताला लागला तशी ती म्हणाली, "अगं, हे केव्हाचं आहे? पंचमीला शिळं घालायचं ऋषींना?" पर्युषित म्हणजे शिळे देवाला चालत नाही, हा नियम तिला आईच्या दुधाबरोबर मिळालेला. बेल, तुळस आणि गंगोदक यांनाच काय ती त्यातून सूट. घरी येईपर्यंत ती बोलली नाही. रात्री एवढेच म्हणाली, "इथे देव आहे, पण देवाची भाजी नाही. सातवं वर्ष राहिलं माझं."

दुसऱ्या दिवशी मी भांडुपला आमच्या गुरुजींना दूरध्वनी केला. वास्तविक त्यांच्याकडे चतुर्थीच्या धावपळीत बोलायला वेळ नसतो. परंतु आईचे नाव निघताच ते थांबले. त्यांनी जे सांगितले ते मी तेव्हाच वहीत उतरून घेतले. जैमिनींच्या मीमांसासूत्रांत सहाव्या अध्यायात प्रतिनिधीचा विचार आलेला आहे. यज्ञाला सांगितलेले द्रव्य मिळाले नाही तर कर्म सोडू नये, त्याच्याशी साम्य असलेले दुसरे द्रव्य घ्यावे. व्रीही म्हणजे साळीचे तांदूळ नसतील तर नीवार घ्यावा. मात्र देवता, अग्नी आणि मंत्र यांना प्रतिनिधी नाही. ते बदलले की कर्मच बदलले. "आणि नीवार म्हणजे काय, ठाऊक आहे ना?" गुरुजी म्हणाले, "आपला देवभात. न नांगरता पाणथळीत उगवणारा. ऋषींचं तेच अन्न. मग ताजं, हातानं पिकवलेलं शोधा. नाव निराळं असेल तर असू द्या."

आपल्या नेहमीच्या पूजेतही हेच चालते, हे मला तेव्हा जाणवले. देवाला वाहायला दागिना नसला की आपण अलंकाराच्या जागी अक्षता वाहतो. भगवद्गीतेच्या नवव्या अध्यायात भगवंतांनी पान, फूल, फळ आणि पाणी मागितले आहे, पण कोणत्या झाडाचे ते सांगितलेले नाही.

आईने ऐकून घेतले. पूर्ण पटले असे मुळीच नव्हे. पण बाजारात जाण्यास ती तयार झाली, आणि हेच आम्हांला पुष्कळ होते.

आधी अळू. ईलिंगच्या हमरस्त्यावरून २०७ क्रमांकाची बस शेफर्ड्स बुशला जाते. तिथे रेल्वेच्या उंच कमानींना लागून एक लांबट बाजार आहे, १९१४ साली सुरू झालेला. डोक्यावरून गाडी खडखडत जाते आणि खाली भाजी, मासळी, कापड, भांडी. आई दोन पावले आत गेली आणि उभी राहिली. "हे तर आपलं स्टेशन," ती म्हणाली. बाजारात कॅरिबियन बेटांवरून आलेल्या लोकांची गिऱ्हाइकी मोठी. त्यांच्या जेवणात 'कॅललू' नावाची पालेभाजी असते. जमैकाचा माणूस कॅललू म्हणतो तो आपला माठ, आणि त्रिनिदादचा माणूस कॅललू म्हणतो ती आपल्या अळूची पाने. एका दुकानात दोन्ही होते. आईने पान उलटे करून देठाशी नखाने टोचले, चीक बोटावर घेऊन पाहिला आणि मान हलवली. ही परीक्षा ती भांडुपलाही करीत असे. शेजारी घानाहून आलेला याम नावाचा कंद रचून ठेवला होता. तो आपल्या कोनफळ-गोराडूच्या कुळातला. सुरणाच्या जागी तो घेतला.

बाजारातून परतताना आईने विचारले, "या काळ्या लोकांचा माठ आणि आपला माठ एकच कसा गं?" त्याचे उत्तर लांब आहे, पण सणाच्या दिवशी सांगण्यासारखे आहे. ऊसमळ्यांवर राबण्यासाठी माणसे दूरदूर नेली गेली, त्यांच्याबरोबर कंद आणि बियाही गेल्या, आणि नव्या भूमीत ओळखीचा पाला दिसला तो त्यांनी आपला म्हटला. आपलेही लोक गेले होते. १८३४नंतर मॉरिशसला जी गिरमिटिया मजुरांची जहाजे जाऊ लागली त्यांत कोकणातली मराठी माणसे होती. त्यांचे वंशज आजही तिथे गणपती आणतात, आणि गणेश चतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते. त्या बेटावर अळूच्या पानांना 'ब्रेद सोंज' म्हणतात आणि माठाला 'ब्रेद मालबार'. नावे फ्रेंच वळणाची झाली, पाला तोच राहिला. दीडशेहून अधिक वर्षे त्यांनी नैवेद्य केला तो परसातल्या आणि पोर्ट लुईच्या बाजारातल्या भाजीचाच. मुंबईहून शीतपेटी त्यांच्यासाठी कोणी पाठवीत नव्हते.

आणि भांडुपच्या वाट्याकडे तरी निरखून पाहावे. त्यातला मका अमेरिका खंडातला. लाल भोपळा तिकडचाच. भुईमूग तिकडचा. हिरवी मिरची, रताळे, बटाटा, एकादशीचा साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंद, सारे तिकडून आले. १४९२ साली कोलंबस तिकडे पोहोचला, १४९८ साली वास्को द गामा कालिकतला आला, आणि पुढे पोर्तुगीजांच्या गलबतांतून ही पिके आपल्या किनाऱ्यास लागली. दसऱ्याचा झेंडूही मूळचा मेक्सिकोचा. कोणा आजीबाईने पहिल्यांदा मक्याचे कणीस ऋषींच्या भाजीत घातले असेल, तेव्हा शेजारणीने भुवया उंचावल्याच असतील. आज मक्याविना वाटा अपुरा वाटतो. कोकणात आणि गोव्यात गणपतीवर जी माटवी किंवा माटोळी बांधतात तिचाही नियम असाच आहे. त्या महिन्यात त्या डोंगरावर जे फळले असेल ते टांगायचे. घाटावरचे फळ मागवून कोणी माटवी सजवीत नाही.

असो. पंचमी त्या वर्षी ३० ऑगस्टला, शनिवारी आली. ईलिंगमध्ये दर शनिवारी सकाळी शेतकऱ्यांचा बाजार भरतो. लंडनमध्ये असे बाजार १९९९ सालापासून सुरू झाले. जो पिकवतो त्यानेच विकायचे, आणि शहरापासून शंभर मैलांच्या आतले विकायचे, हा त्यांचा दंडक. आपल्याकडे भाजी मंडईतून, दलालातून, चार हातांतून येते. म्हणून मला या नियमाचे नवल वाटले. आईला वाटले नाही. "आपली कर्जतची बाई तरी दुसरं काय करते?" ती म्हणाली.

मक्याची ताजी कणसे रचून एक उंच शेतकरी उभा होता. आईने नातवाला पुढे घातले. "विचार त्याला, शेतात बैल लावतो का?" नातू लाजला, पण विचारले त्याने. शेतकरी हसला नाही. शेतात बैल कधीच नव्हते, तो म्हणाला, आजोबांच्या वेळी घोडे होते, आता ट्रॅक्टर आहे. आईने यावर बराच वेळ विचार केला. आमच्यामागे गिऱ्हाइकांची रांग वाढत होती. "घोडा असता तर घेतलं नसतं," ती शेवटी म्हणाली, "मुकं जनावरच ते. यंत्राला पाप नाही. पण नांगरलेलंच की ते." तिने एक कणीस घेतले ते पूजेत ठेवायला, खायला नव्हे. सफरचंदे आणि आलुबुखार मात्र बिनदिक्कत घेतले, कारण झाडाखाली नांगर फिरत नाही. आईच्या या निवाड्याला शास्त्राधार किती, ते मी गुरुजींना विचारले नाही.

खाण्याच्या भाजीचा प्रश्न सुटला तो अनपेक्षित ठिकाणी. भावाच्या शेजारी एक वृद्ध गुजराती बाई राहतात. १९७२ साली इदी अमीनने युगांडातून आशियाई लोकांना हाकलले, तेव्हा दोन पेट्या घेऊन आलेल्यांपैकी त्या एक. सारी गल्ली त्यांना 'बा' म्हणते. इंग्लंडात नगरपालिका रहिवाशांना भाजी पिकवण्यासाठी जमिनीचे तुकडे अल्प भाड्याने देते. त्यासाठी १९०८ सालचा कायदा आहे. पुरता तुकडा सुमारे २५० चौरस मीटरांचा असतो, बांच्याकडे अर्धा आहे. आई आपल्या अडचणीविषयी बोलत होती, अर्धे मराठी, अर्धे मोडके गुजराती. बा उठल्या, पायांत रबरी बूट चढवले आणि आम्हांला आपल्या वाफ्यावर घेऊन गेल्या. तिथे तांदुळजा होता, मेथी होती, दुधीचा वेल काठ्यांवर चढवलेला होता, पापडीला नुकती फुले आली होती. आणि वाफ्याच्या टोकाला मातीत रोवलेले, बांच्या दिवंगत यजमानांचे फावडे. ती जमीन चाळीस वर्षे त्या एका फावड्याने खणली गेली होती. तिथे बैल नव्हता आणि यंत्रही नव्हते.

आई वाफ्याच्या कडेला बसली आणि तांदुळजा खुडू लागली. बा दुधीचे कोवळे शेंडे खुडीत होत्या. दोघींचेही यजमान नाहीत, दोघींचेही घर दुसऱ्या देशात राहिलेले. त्या काय बोलत होत्या ते मला ऐकू येत नव्हते. एकदा मात्र आईने पदर डोळ्यांना लावलेला पाहिला, आणि बांनी तिच्या ओच्यात आणखी एक मूठ भाजी टाकलेली पाहिली.

घरी परतताना हॅनवेलच्या कालव्याकाठच्या वाटेने आलो. कुंपणाच्या काटेरी झुडपांवर काळी बोरे पिकली होती. तिकडे त्यांना ब्लॅकबेरी म्हणतात. ऑगस्टअखेर ती रस्तोरस्ती रानटी उगवलेली दिसतात आणि कोणीही तोडावीत. चवीला आंबटगोड, काटे आणि डाग करवंदांसारखे. ही खरी ऋषींची फळे, असे आईने स्वतःच ठरवून टाकले. मीठ, चिंच आणि खोवलेला ओला नारळ घालून भाजी शिजली. तांदुळजा, अळू, दुधीचे शेंडे आणि याम. वरीचे तांदूळ साऊथॉलला मिळतातच. आठ सुपाऱ्यांपुढे नैवेद्य दाखवून आईने उद्यापन केले. आघाडा नव्हता, तिथे अक्षता वाहिल्या. दूर्वा मात्र होत्या. नातवाने गवताच्या बियांच्या दुकानातून पुडी आणून उन्हाळ्यातच खिडकीतल्या कुंडीत पेरल्या होत्या.

या दूर्वांविषयी दोन शब्द लिहिणे अवश्य आहे, कारण अनेक घरांतून मुले परदेशी आहेत आणि दूर्वा पाठवाव्या कशा, असा प्रश्न दरवर्षी निघतो. पाठवू नयेत. अमेरिकेच्या दक्षिण भागात लोक अंगणात जी 'बर्म्युडा' हिरवळ राखतात आणि जिच्यावर गोल्फ खेळतात ती आपली दूर्वाच आहे. ऑस्ट्रेलियात तिलाच 'काऊच' म्हणतात. औषध न फवारलेल्या जागेची तोडली म्हणजे झाले. सामानात पत्री, आंब्याचे टाळे, कढीलिंब किंवा बेल लपवून नेणे तर सर्वथा टाळावे. बेल आणि कढीलिंब हे लिंबू-संत्र्याच्याच कुळातले. त्यांच्या पानांवरून येणारी बारीक कीड संत्र्याच्या बागा उजाड करणारा रोग पसरवते, म्हणून अमेरिकेत बाहेरून कढीलिंबाची ताजी पाने नेण्यास मनाई आहे. ऑस्ट्रेलियात आणि न्यूझीलंडमध्ये प्रत्येक पान-फळ दाखवावे लागते, न दाखविल्यास दंड होतो. युरोपीय संघाने डिसेंबर २०१९पासून बाहेरून येणाऱ्या प्रवाशांच्या बहुतेक साऱ्या ताज्या वनस्पतींना तपासणीचा दाखला आवश्यक केला. त्यातून ज्या पाच फळांना सूट दिली त्यांत नारळ आणि केळे ही दोन आहेत, हे वाचून मला मौज वाटली. दुसऱ्याच्या शेताला कीड लावून आपल्या देवाला पत्री वाहणे कोणत्या पोथीत बसते, याचा विचार सामान भरणाऱ्याने करावा.

मुलीला किंवा सुनेला कळवायचे असेल तर एवढेच कळवावे : जिथे तुझे घर आहे तिथला आठवड्याचा बाजार शोध, विकणाऱ्याला केव्हा तोडले ते विचार, आणि तिथल्या परदेशी शेजाऱ्यांच्या दुकानात जा. चिनी दुकानात अळकुड्या आणि लाल माठ असतो, आफ्रिकी दुकानात भेंडी आणि कंद असतात. शीतपेटी अडीअडचणीला आहेच. नारळाचा कीस मोदकांना मीही तिच्यातलाच वापरला, आणि ते आईला सांगितले नाही.

मी आश्विनात परत आले. पुढच्या वर्षी तृतीयेला भांडुपच्या बाजारात नेहमीच्या बाईपुढे उभी राहिले. तिने ओळखले. "आजी नाय आल्या? तिकडंच हायेत व्हय?" तिने विचारले. "मंग गेल्या साली ऋषीची भाजी कुठनं घेतली त्यांनी?" मी वाफ्याची, बांची आणि फावड्याची हकिकत सांगितली. ती वाटा बांधत ऐकत होती.

"फावड्यानं खणलेली ना? नांगर नव्हता?"

"नव्हता."

"मंग बरं," ती म्हणाली, आणि अळूचे आणखी एक पान वाट्यावर ठेवून तिने गाठ मारली.